उत्तरेकडील राजसत्ता : उसने काय, स्वतःचे काय?

युरोपचा मध्ययुगीन इतिहास वाचताना आपण इंग्लंड-फ्रान्सपाशीच रेंगाळतो. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आठवतात ते व्हायकिंग लुटारूंपुरते. या मुलखांत पुढे जो राज्यकारभार उभा राहिला तो दक्षिणेकडून आयता आला, असे सर्रास म्हटले जाते. मला हे मत अर्धेच पटते.

उसनवारी झाली, यात शंका नाही. इ. स. ९९५ च्या सुमारास स्वीडनचा राजा ओलोफ सिगतूना येथे नाणी पाडू लागला, ती इंग्लंडच्या एथेलरेडच्या नाण्यांबरहुकूम. खंडणी व व्यापार यांतून इंग्लंडची चांदी तिकडे आधीच पोचली होती. लेखी दस्तऐवजाची प्रथा चर्चने आणली.

पण डेन्मार्कच्या चौथ्या क्नूटचे काय झाले पाहा. १०८५ मध्ये त्याने लुंडच्या चर्चला जमिनी दिल्या. डेन्मार्कचे हे सर्वांत जुने ज्ञात दानपत्र. दंड आणि देणी तो कडकपणे वसूल करू लागला. प्रजा उठली आणि १०८६ मध्ये ओडेन्स येथे चर्चमध्येच त्याला ठार मारले. ते चर्च संत आल्बनचे, म्हणजे संतही इंग्लंडचाच! पुढे ११०१ च्या सुमारास चर्चने क्नूटला संतपद दिले. जिवंतपणी न जमलेले काम मेलेल्या राजाने केले : राजघराण्याला पावित्र्य लाभले. ११०४ च्या सुमारास लुंडला आर्चबिशप आला व जर्मनीतील हांबुर्ग-ब्रेमेनचा वरचष्मा संपला. एका परक्याला दूर सारण्यासाठी रोम या दुसऱ्या परक्याचा आधार घेतला गेला. याला नुसते अनुकरण कसे म्हणावे?

नॉर्वेतही तेच. मॅग्नुस एर्लिंग्सन हा राजकन्येचा मुलगा, पण बाप राजा नव्हता. गादीवरचा हक्क लंगडा. म्हणूनच ११६३-६४ मध्ये बेर्गेन येथे त्या सातआठ वर्षांच्या पोराला चर्चकडून राज्याभिषेक करविला. स्कँडिनेव्हियातील हा पहिलाच राज्याभिषेक.

कायद्याची गोष्ट मात्र वेगळी. चर्चच्या कायद्याची छाया त्यावर आहे, तरी १२४१ चा जटलंडचा कायदा डॅनिश भाषेत लिहिला गेला, लॅटिनमध्ये नव्हे. सहाव्या मॅग्नुसची नॉर्वेची संहिताही देशी भाषेतच होती. १२७४ पासून ती एकेका 'थिंग'पुढे, म्हणजे स्वतंत्र शेतकऱ्यांच्या जुन्या सभेपुढे, मांडून मान्य करून घ्यावी लागली. १६०४ मध्ये तिचे डॅनिश रूप निघाले. १६८७ मध्ये नवी संहिता येईपर्यंत ती चालू होती.