पाप कोणी केले? स्वमग्न मूल, पारा आणि आपली मंडळी

शास्त्रवाचन : २ राजे ४:३८-४१, योहान ९:१-२३



गेल्या पावसाळ्यात सुरतेच्या लिंबायत भागात एका घरी प्रार्थनेसाठी जाणे झाले. कुटुंब मूळचे धुळ्याकडचे, वडील पॉवरलूमवर कामाला. चार वर्षांचा मुलगा कोपऱ्यात बसून स्टीलच्या डब्याचे झाकण गरगर फिरवीत होता. नावाने हाक मारली तरी त्याने वर पाहिले नाही. दीड वर्षाचा असताना तो दोनचार शब्द बोलत असे, पुढे तेही थांबले. डॉक्टरांनी स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असे निदान केले होते.

चहा ठेवता ठेवता आईने विचारले, "भाऊ, मी त्याला लस टोचून आणली नसती, तर आज तो बोलला असता ना?" लशीत पारा असतो आणि त्यानेच मुले अशी होतात, असे तिला नात्यातल्या कोणी सांगितले होते. त्या धास्तीने तिने दहा महिन्यांच्या मुलीला गोवराची लस दिली नव्हती. अंगातला पारा काढून टाकण्याचे औषध देतो, असे सांगणारा एक मनुष्यही वडिलांना भेटला होता आणि त्यासाठी ते पैसे जमवीत होते.

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. प्रार्थना केली आणि खाली मान घालून घरी आलो. नंतर जाणत्या डॉक्टरांना विचारले, वाचन केले, आणि वरील दोन शास्त्रभाग पुन्हा उघडले. त्यातून हा पाठ तयार झाला आहे.

१. हंड्यात खरोखर विष असते तेव्हा

गिलगालात दुष्काळ होता. संदेष्ट्यांच्या शिष्यांसाठी हंडा चढवला होता. एकाने रानातली अनोळखी फळे आणून त्यात चिरून घातली. तोंडी लावताच ते ओरडले की यात मरण आहे. अलीशाने त्यांना अल्पविश्वासी म्हटले नाही. त्याने पीठ मागवले, हंड्यात टाकले आणि अन्न खाण्याजोगे झाले. विष असेल तेथे ओरडणे हा अविश्वास नाही, हा आपला पहिला धडा.

पारा हे खरोखर विष आहे. जपानातील मिनामाटा येथे चिसो कंपनीच्या कारखान्याचे पाऱ्याचे सांडपाणी समुद्रात जाई. तेथील मासे खाणाऱ्यांना झटके येऊ लागले, हातपाय लुळे पडू लागले. हा आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला. आईला फारसा त्रास नसतानाही पोटातल्या बाळाला जबर इजा झाल्याचे तेथे दिसले. तरी ते सांडपाणी १९६८ पर्यंत वाहत राहिले. इराकमध्ये १९७१-७२ साली पाऱ्याचे औषध चोळलेले बियाण्याचे धान्य परदेशातून आले. पोत्यांवरची सूचना परक्या भाषेत होती, आणि अनेक ठिकाणी पेरणीचे दिवस उलटल्यावर ते पोचले. लोकांनी दळून त्याच्या भाकरी केल्या. सुमारे साडेसहा हजार माणसे रुग्णालयात दाखल झाली, त्यांपैकी ४५९ दगावली.

आपल्या देशात कोडाईकनाल येथे हिंदुस्थान लिव्हरचा थर्मामीटरचा कारखाना होता. पारा लागलेली काच भंगारवाल्याकडे सापडल्यावर लोकांनी आवाज उठवला आणि २००१ मध्ये तो बंद झाला. कामगारांच्या आजारांशी आपला संबंध असल्याचे कंपनीने नाकारले, पण लढा चालू राहिला आणि २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी समझोता झाला. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी जगातील राष्ट्रांनी २०१३ मध्ये जो करार केला, त्याला मिनामाटाचेच नाव दिले आहे. भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला.

म्हणून पाऱ्याविषयी काळजी करणाऱ्या आईला कोणी वेडी म्हणू नये. तिची काळजी रास्त आहे. ती कोठे वळवायची, एवढाच प्रश्न आहे.

२. लशीतला पारा

१९२८ साली ऑस्ट्रेलियातील बुंडाबर्ग गावी घटसर्पाच्या लशीच्या एकाच बाटलीतून मुलांना टोचण्यात आले. बाटलीत जंतू शिरले होते. बारा मुले दगावली. अशा बाटल्यांत जंतू वाढू नयेत म्हणून पुढे थायोमर्सल नावाचे द्रव्य अत्यल्प प्रमाणात वापरात आले. त्यात इथिल जातीचा पारा असतो. मिनामाटाच्या माशांत होता तो मिथिल जातीचा.

नावात एवढासा फरक, त्याने काय होते, असे कोणी म्हणेल. गुजरातेत राहणाऱ्यांना हे समजावण्याची गरज नसावी. दारू ही वाईटच, पण तिच्यात इथिल अल्कोहोल असते. लठ्ठ्यात मिथिल अल्कोहोल निघते तेव्हा एका रात्रीत घरेच्या घरे उजाड होतात. २०२२ मध्ये बोटादकडे हेच घडले. पाऱ्याचेही तसेच आहे. मिथिल पारा शरीरात साठत जातो, निम्मा उतरायलाच महिना दीड महिना लागतो. इथिल पारा साधारण आठवड्याभरात निम्म्यावर येतो आणि बाहेर पडतो.

याहून मोठा पुरावा अनुभवाचा आहे. डेन्मार्कने १९९२ मध्ये लशींतून थायोमर्सल काढले. अमेरिकेत २००१ पर्यंत मुलांच्या नेहमीच्या लशींतून ते काढण्यात आले, फ्लूच्या काही लशी तेवढ्या राहिल्या. पाऱ्यामुळे स्वमग्नता येत असती, तर पुढच्या वर्षांत अशी मुले कमी आढळायला हवी होती. दोन्ही देशांत निदानांची संख्या वाढतच राहिली. अमेरिकेतील वैद्यकीय तज्ज्ञांच्या समितीने सर्व पुरावा तपासून २००४ मध्ये हा संबंध अमान्य केला.

आणि गोवराच्या लशीत तर थायोमर्सल नसतेच. तिच्यावर १९९८ मध्ये एका इंग्रज डॉक्टराने वेगळाच आरोप केला होता. त्याचा लेख केवळ बारा मुलांवर आधारलेला होता. तो लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला आणि त्याच वर्षी त्या डॉक्टराचे नाव वैद्यकीय नोंदणीतून काढले गेले. उलट २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात आणि मालेगाव, भिवंडीकडे गोवराची साथ आली, तेव्हा बालके दगावली, आणि त्यांतल्या बहुतेकांना लस मिळालेली नव्हती.

३. कोणी पाप केले?

आता जन्मांधाकडे येऊ. रस्त्याच्या कडेला एक मनुष्य बसला आहे आणि शिष्य त्याच्यादेखत चर्चा करतात की दोष त्याचा की त्याच्या आईबापांचा. स्वमग्न मुलांच्या आयांना हा प्रश्न तीन पिढ्या ऐकावा लागला आहे.

लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन करून या स्थितीकडे लक्ष वेधले. पुढे काही विद्वानांनी ठरवून टाकले की आईची माया थंड असते म्हणून मूल असे होते. हजारो माता या आरोपाखाली खचल्या. बर्नार्ड रिमलँड हे स्वतः अशा मुलाचे वडील. त्यांनी १९६४ मध्ये ग्रंथ लिहून तो आरोप खोडून काढला. पण पुढे तेच रिमलँड लस व पारा यांच्याकडे बोट दाखवू लागले. दोषी शोधण्याची ओढ चांगल्या माणसालाही कशी धरते, ते यातून दिसते. पूर्वी आईची माया दोषी होती, आता तिने टोचून आणलेली लस दोषी ठरली. दोन्ही वेळा बोट फिरून आईकडेच आले.

आज एवढे कळले आहे की स्वमग्नता ही मेंदूच्या घडणीतली भिन्नता आहे. तिची सुरुवात बहुधा जन्मापूर्वीच होते आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. तिची खूण दीडदोन वर्षांच्या सुमारास दिसू लागते, आणि लशीही त्याच वयात दिल्या जातात. दोन गोष्टी पाठोपाठ आल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असे होत नाही.

प्रभूने शिष्यांचा प्रश्नच बाजूला सारला. दोष ना याचा, ना आईबापांचा, असे सांगून तो लगेच हाती असलेल्या कामाकडे वळला. आपल्याला हा क्रम शिकायचा आहे. मात्र स्वमग्नता म्हणजे अंगातून काढून टाकायचे काही विष आहे, असे या उताऱ्यावरून कोणी मानू नये. पारा काढण्याच्या नावाखाली दिलेल्या औषधाने २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांचा स्वमग्न मुलगा मरण पावला. त्याच्या रक्तातले कॅल्शियम एकाएकी उतरले होते. खोट्या निदानाचा दंड बालकाने भरला.

४. त्यालाच विचारा

जन्मांधाचे आईबाप सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भीतीने म्हणाले की तो वयात आला आहे, त्यालाच विचारा. त्यांची ही भीती आपल्या मंडळ्यांतही आहे. उपासनेत मूल ओरडले की पुढच्या बाकांवरची डोकी मागे वळतात. "वळण लावले नाही," असे कोणीतरी पुटपुटते. पुढच्या रविवारी ते कुटुंब येत नाही, आणि का आले नाही हे कोणी विचारीत नाही.

भीतीने उच्चारलेले ते शब्द आपण प्रीतीने घेऊ या. त्यालाच विचारा. ज्याला शब्द नाहीत तो चित्राने, खुणेने, हात धरून सांगतो. जगात अनेक स्वमग्न प्रौढ आज स्वतःची बाजू स्वतः मांडीत आहेत. आईबापांनी आधी आवाज उठवला म्हणून कायदेही झाले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला मान्य दिव्यांगतांमध्ये स्थान दिले. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगतेचे प्रमाणपत्र असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला या कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क आहे. न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. या गोष्टी आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

५. मंडळीने काय करावे

(अ) मूल दीड वर्षाचे होऊनही हाकेला वळत नसेल, बोटाने दाखवीत नसेल किंवा आलेले शब्द गमावीत असेल, तर "मुलगे उशिरा बोलतात" असे म्हणून थांबू नका. सरकारी रुग्णालयात बालकांच्या तपासणीची व लवकर मदत देणाऱ्या केंद्राची चौकशी करा.

(आ) लशी वेळेवर द्या. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा. विचारणे हा अपराध नाही.

(इ) पारा खरोखर जेथे आहे तेथे सावध राहा. थर्मामीटर फुटला तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, झाडू मारू नका. जाड कागदाने थेंब गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, मोरीत टाकू नका. धान्यात पाऱ्याच्या टिकड्या घालू नका. घटकांची यादी नसलेली गोरेपणाची मलमे वापरू नका, कारण अशा मलमांतील पाऱ्याने मूत्रपिंडे बिघडतात. ज्यात काय आहे ते ठाऊक नाही असे भस्म बालकाला चाटवू नका.

(ई) उपासनेत अशा कुटुंबासाठी दाराजवळचा बाक राखून ठेवा. महिला मंडळाने आठवड्यातून एक दुपार आईला मोकळी करून द्यावी.

लिंबायतच्या त्या घरी मी पुन्हा गेलो आणि जे येथे लिहिले तेच सांगितले. आई बराच वेळ रडली. मग म्हणाली, "म्हणजे मी नाही केलं." मुलीला लस मिळाली आहे. जमवलेले पैसे मुलाला बोलण्याचा सराव देणाऱ्या बाईंकडे जातात. मुलगा अजून बोलत नाही. पाणी हवे असले की पेल्याचे चित्र आणून देतो. रविवारी तो दाराजवळच्या बाकावर झाकण घेऊन बसतो, आणि ते खाली पडून वाजले तरी आता फारशी डोकी मागे वळत नाहीत.

चर्चेसाठी प्रश्न

१. संदेष्ट्यांच्या शिष्यांचे ओरडणे आणि येशूच्या शिष्यांचे विचारणे, यांत फरक काय?
२. आपल्या मंडळीतून कोणते कुटुंब येईनासे झाले आहे? का?
३. ऐकीव गोष्ट पुढे सांगण्यापूर्वी आपण ती कोणाकडे पडताळून पाहतो?