पंचवीस किलोंची चाल

प्रश्न : आगीच्या बातम्यांत अग्निशमन दलाचे जवान जिना चढताना फार सावकाश, पाय फाकून चालताना दिसतात. हा पोशाखाच्या वजनाचा परिणाम का? तो हलका नाही का करता येणार? (एक वाचक, सांगली)

उत्तर : वजन आहेच. कोट, पँट, बूट, हेल्मेट आणि पाठीवरचा श्वसनसंच मिळून वीस-पंचवीस किलो सहज भरतात. पण खरी गोम शिवणीत आहे.

या पोशाखाला तीन थर असतात. बाहेर ज्वाला सोसणारे अरामिडचे कापड, मध्ये पाणी अडवणारा पडदा, आत जाड अस्तर. उष्णता रोखण्यात थरांमध्ये कोंडलेल्या हवेचा वाटा मोठा. म्हणून पोशाख अंगाबरोबर शिवता येत नाही. गुडघा टेकला, खांद्यावर पट्टा रुतला, की तिथली हवा दबते आणि नेमके तिथेच भाजते. सैल शिवावा, तर पँटची बैठक खाली येते आणि पायरीवर पाय टाकताना कापड मांडीला ओढते. त्यात घामाने अस्तर अंगाला चिकटले, की संपलेच. तुम्ही पाहिलेली चाल ती हीच.

बूट वेगळाच छळ मांडतात. पाठीवरच्या किलोपेक्षा पायातला किलो कितीतरी जास्त दमवतो, कारण तो दर पावलाला उचलावा लागतो. आणि धुरात रांगताना मान वर केली, की हेल्मेटची मागची कड सिलिंडरवर आपटते.

या सगळ्याचा हिशेब शेवटी हवेत चुकता होतो. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने साधारण १८०० लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर लागली तर ती ४५ मिनिटे पुरेल. पोशाखाशी झगडत धाप लागली आणि ६० लिटर लागू लागली, तर अर्ध्या तासात खलास! परत फिरायची शिट्टी तर त्याच्याही आधी वाजते.

हलके करता येते, आणि केलेही आहे. पोलादी सिलिंडरच्या जागी कार्बन फायबरचे आले, त्याने पाठीवरचे काही किलो उतरले. गुडघ्याला आधीच बाक दिलेल्या, काखेत जादा कापड सोडलेल्या शिवणीही मिळतात. माझ्या मते मात्र आधी जवानांची मापे घ्यावीत. महिला जवानांना पुरुषांच्या मापाचे कोट-पँट देण्याची पद्धत तर ताबडतोब बंद व्हायला हवी.