जवनिकांचे मोजमाप आणि सी. टी. स्कॅन

हृदयाचे खालचे दोन कप्पे म्हणजे जवनिका. काही पाठ्यपुस्तकांत त्यांनाच निलय म्हटले आहे. डावी जवनिका सर्व शरीरास, तर उजवी फुप्फुसांस रक्त पुरविते.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले. मेंदू स्थिर असतो. हृदय मिनिटास सुमारे ७० वेळा आकुंचन पावते. म्हणून आजचे यंत्र ई. सी. जी.च्या आलेखाशी सांधलेले असते. शिरेतून दिलेल्या आयोडीनयुक्त द्रव्यामुळे पोकळीतील रक्त स्नायूहून उजळ दिसते आणि ठोक्याच्या निरनिराळ्या क्षणांची चित्रे जुळवून संगणक पोकळीचे आकारमान काढतो. भरलेल्या डाव्या जवनिकेत १२० मिलिलिटर आणि आकुंचनानंतर ५० मिलिलिटर रक्त असेल, तर ७० मिलिलिटर, म्हणजे सुमारे ५८ टक्के रक्त बाहेर पडले. हे प्रमाण ४० टक्क्यांखाली जाणे चिंताजनक होय.

उजवी जवनिका चंद्रकोरीप्रमाणे डावीस बिलगलेली असते. या वेड्यावाकड्या आकारामुळे इको तपासणीत तिचे माप नीट मिळत नाही, तेथे सी. टी. विशेष उपयोगी पडते. पेसमेकरमुळे एम. आर. आय. करणे अडचणीचे असल्यासही तिचा आधार घेतात.

तथापि पहिली तपासणी इकोचीच. तीत क्ष-किरण नाहीत आणि खर्चही कमी. मोठे यंत्र म्हणजे मोठी खात्री, ही समजूत खरी नव्हे. सी. टी. करावयाचे ठरल्यास मूत्रपिंडाचा विकार, पूर्वी अशा द्रव्याची आलेली ॲलर्जी अथवा गर्भारपण यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. गावातून रुग्ण पाठविताना इकोचे जुने अहवालही सोबत द्यावेत.