फायरवॉलमधील भोक : गच्चीवरच्या विमानाकडून एक धडा

कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बनविले, ही हकीकत पुष्कळांनी वाचली असेल. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली. पंख आणि इंजिन यांचे कौतुक सगळेच करतात. मला मात्र अशा घरगुती विमानांतील एका लहान कामाकडे आपल्या वायरमन व फिटर बांधवांचे लक्ष वेधायचे आहे.

लहान विमानात इंजिन बहुधा नाकात असते आणि लगेच मागे वैमानिक बसतो. दोघांच्या मधला पत्रा म्हणजे फायरवॉल. इंजिनाला आग लागली तर विमान उतरेपर्यंत तिला अडविणे हे त्याचे काम. अमेरिकेच्या हवाई नियमांत ०.०१५ इंच, म्हणजे जेमतेम ०.३८ मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा यासाठी पुरेसा धरला गेला. कसोटी अशी की, सुमारे १०९३ अंश सेल्सिअसची ज्योत १५ मिनिटे सोसली पाहिजे.

पत्रा सोसतो. पण इंधनाची नळी, थ्रॉटलची केबल, बॅटरीची जाड वायर, मीटरच्या बारीक वायरी यांना त्यातूनच जावे लागते. भोकात नुसता रबरी बुश असेल तर तो जळून जातो. ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते. मग ज्योतीला वाट मोकळी! आग नसली तरी फटीतून एक्झॉस्टचा विषारी वायू आत येतो, तो वेगळाच.

म्हणून इंधनासाठी पत्र्यावर स्टीलचे युनियन घट्ट बसवितात. इंजिन रबरी माउंटवर हलत असते, तेव्हा युनियनपासून इंजिनापर्यंत लवचीक होज, आणि तिच्यावर काचेच्या धाग्याची, सिलिकॉन चढविलेली बाही. वायरींसाठी स्टीलची आखूड नळी पत्र्याला रिव्हेट करतात, तिच्यातून जुडगा ओढतात, वर तीच बाही चढवून क्लिपने आवळतात आणि आत उष्णतेने फुगणारे आगरोधक सीलंट भरतात. इंधन आणि वायरी एका भोकातून कधीही नेत नाहीत.

मी कापडवाला. सदऱ्याचे काज नुसते कापून ठेवले तर कापड तिथूनच उसवते, एवढे मला कळते. तरी माझ्याच दुकानात पत्र्याच्या पार्टिशनमधून गोदामाची वायर तशीच ओढली होती. काम लवकर उरकण्याची घाई माझीच होती. पत्र्याच्या धारेने वायरचे प्लॅस्टिक कापले, ठिणगी पडली आणि लट्ठ्याची अकरा थाने गेली.

मिरकरवाड्याच्या बंदरातील मच्छीमार नौकांवर काम करणाऱ्यांनी इंजिन खोलीची आडभिंत याच नजरेने पाहावी. बॅटरीची केबल आणि डिझेलची नळी एकाच भोकातून, एकाच क्लिपमध्ये असेल तर आधी ती वेगळी करावी. केबल वर, डिझेल खाली. भोकाची धार कानशीने घासावी. विझविण्याचा गॅसही उघड्या भोकातून निघून जातो, हे मालकाला सांगावे. म्हणजे सीलंटच्या पैशांवरून तो कुरकुरणार नाही. आणि सीलंट भरण्यापूर्वी एक जादा वायर ओढून, टोके बंद करून ठेवावी. पुढे नवा दिवा बसवायचा झाला तर पक्के केलेले भोक पुन्हा खणावे लागत नाही.