जीपखालचा काळा डाग



गेल्या पावसाळ्यात धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरून रात्री निरोप आला. एका बहिणीला कळा सुरू झाल्या होत्या. आपल्या फोर-व्हील जीपमध्ये तिला घेऊन निघालो आणि निम्मा घाट उतरल्यावर ऑइलचा लाल दिवा लागला. ऑइलचा दाब गेल्यावर गाडी तशीच दामटली तर थोड्याच वेळात इंजिन जाम होते, म्हणून लगेच बंद केले. सोबतच्या चौघा भावांनी तिला बांबूच्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत नेले. तिथे रुग्णवाहिका मिळाली. आई व बाळ सुखरूप आहेत, ही देवाची कृपा.

पण मला त्या रात्री झोप लागली नाही. जीपखालचा काळा डाग मी दोन आठवडे रोज पाहत होतो. थोडे ऑइल ओतायचे आणि निघायचे, एवढेच करत होतो. त्यातून जे शिकलो ते इथे मांडतो.

१. आधी ओळखा. रात्री गाडी सपाटीवर उभी करून खाली पुठ्ठा पसरा. सकाळी डाग पाहा. इंजिनाचे वापरलेले ऑइल काळपट असते. गिअर आणि एक्सलचे ऑइल दाट असते, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. चाकाच्या आतल्या बाजूने पातळ ओघळ दिसला तर तो ब्रेक ऑइलचा असू शकतो. मग गाडी जागची हलवू नका, मेकॅनिकला तिथेच बोलवा.

२. मूळ शोधा. ऑइल वरून खाली ओघळते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जाते. थेंब पडतो तिथेच गळती असते असे नाही. थंड इंजिन स्वच्छ पुसून कोरडे करा, वर टाल्कम पावडर भुरभुरा आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवा. पट्ट्याजवळ हात नेऊ नका. पावडर सर्वांत वर जिथे ओली होईल, तिथून खाली तपासत या.

३. नीट दुरुस्त करा. बहुतेक वेळा दोष टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमध्ये, ऑइल फिल्टरच्या रबरी रिंगमध्ये, एक्सलच्या ऑइल सीलमध्ये किंवा चेंबरखालच्या ड्रेन नटाच्या वॉशरमध्ये सापडतो. आमचा दोष वॉशरचा होता. ऑइल बदलताना दबलेला जुना वॉशर मीच परत लावला. गळू लागल्यावर लांब पान्याने नट आणखी आवळला आणि चेंबरचे आटे गेले. घाटातल्या हादऱ्यांनी तो नट सैल झाला. वॉशर काही रुपयांचा होता. पुढे आटे नव्याने पाडून घ्यावे लागले. फिल्टर बदलताना जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, ते पाहा. नव्या रिंगला ऑइलचे बोट लावा आणि ती टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण फेरा आवळा.

४. पुन्हा गळू नये म्हणून. एक्सलवर हवा ये-जा करण्यासाठी ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजला की तापलेली हवा आत कोंडते आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलते. तापलेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर लगेच बदला. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरू नका. काढलेले ऑइल ओढ्यात किंवा शेतात ओतू नका. पाड्यावरची माणसे आणि गुरे तेच पाणी पितात. बंद डब्यात भरून ते जुने ऑइल घेणाऱ्याला द्या.

आता जीपमध्ये एक वही असते. दर शनिवारी गाडीखाली पाहायचे आणि किती ऑइल घातले ते लिहायचे. आठवड्यात दुसऱ्यांदा घालावे लागले की जीप गॅरेजला जाते, मग कितीही काम असो.

दहा कुमारींच्या दाखल्यावर मी अनेकदा संदेश दिला आहे. त्यातल्या पाच जणींजवळ दिवे होते, तेल नव्हते. माझ्याजवळ जीप होती, सेवेची हौसही होती. गाडीखाली वाकून पाहण्याची दहा मिनिटे मात्र मी दिली नाहीत, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागली असती.

मंडळीत चर्चेसाठी: आपल्या घरात, सेवेत किंवा नात्यात अशी कोणती गळती आहे, जी आपण रोज पाहतो आणि वरून फक्त भर घालतो?

आपल्यापैकी कोणी मेकॅनिकचे काम करत असेल, तर पावसाळ्याआधी एक दिवस केंद्रावर यावे. त्या दिवसाचा उपयोग घाटावरच्या कितीतरी घरांना होईल.

प्रार्थनेत आठवण ठेवा.
आपला बंधू