कमी उजेडातील फोटो : आय.एस.ओ.चा आकडा किती ठेवावा?

हल्ली माल आधी फोटोत विकला जातो आणि दुकानातून नंतर हलतो. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी फळे असोत की मालवणच्या पेठेतील साडी, मुंबईचे गिऱ्हाईक पहिल्यांदा फोटोच मागते. आमच्या सिंधुदुर्गात पावसाचे चार महिने आभाळ भरलेले असते. भर दुपारी दुकानात दिवा लावावा लागतो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. शिवाय आपले कित्येक होतकरू तरुण लग्नाचे व जत्रेचे फोटो काढून चार पैसे कमावतात, ते काम तर बहुधा रात्रीचेच. म्हणून कमी उजेडात कॅमेरा कसा चालवावा, हे व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे.

आकडा म्हणजे काय?

रोलच्या जमान्यात दुकानदार विचारीत असे, "१०० चा देऊ की ४०० चा?" फिल्म उजेडाला किती तेज आहे, ते त्या आकड्यावरून कळे. अमेरिकेचा ए.एस.ए. आणि जर्मनीचा डिन असे दोन निरनिराळे हिशेब होते. १९७४ साली ते आय.एस.ओ. या एका आंतरराष्ट्रीय मानकात आले. डिजिटल कॅमेऱ्यासाठी वेगळे मानक १९९८ साली निघाले. रोल घातला की ३६ फोटो संपेपर्यंत आकडा तोच राही. आता तो दर फोटोला बदलता येतो.

हिशेब सरळ आहे. आकडा दुप्पट केला की निम्म्या वेळात तितकाच उजळ फोटो मिळतो. ४०० वर शटर १/१५ सेकंद उघडे ठेवावे लागत असेल, तर १६०० वर १/६० आणि ६४०० वर १/२५० पुरते. मात्र हे फुकट मिळत नाही. आकडा वाढवल्याने कॅमेऱ्यात जादा उजेड येत नाही. आलेल्या थोड्या उजेडाचा संकेत तेवढा वाढवला जातो आणि त्याबरोबर फोटोतील दाणेही उठून दिसतात. आमच्या कापडाच्या भाषेत सांगायचे तर १०० म्हणजे तलम मलमल आणि ६४०० म्हणजे जाडाभरडा मांजरपाट.

माल स्थिर असेल तर आकडा लहान

साडी किंवा खेळणे जागचे हलत नाही. तेव्हा कॅमेरा तिकाटण्यावर ठेवावा, ते नसेल तर ताग्यांच्या थप्पीवर ठेवावा. आय.एस.ओ. १०० किंवा २०० घ्यावा आणि बटण दाबताना धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. मग शटर अर्धा सेकंद उघडे राहिले तरी हरकत नाही. इथे आकडा वाढवला तर कापडाची वीण पुसट होते आणि रंगाचे तेज उतरते. रंगाचा मेळ दिव्याप्रमाणे बसवावा. पिवळा बल्ब व पांढरी ट्यूब एकाच वेळी लावू नये. फोटोत मोरपंखी दिसलेली साडी हातात निळी निघाली, तर माल परत येतो, भाडे अंगावर पडते आणि गिऱ्हाईकही तुटते. लाखेच्या खेळण्यावर समोरून फ्लॅश मारू नये, त्याचा पांढरा डाग उठतो.

हालचाल असेल तर आकडा मोठा

याचे उत्तम उदाहरण म्हणजे आपल्याकडचा दशावतार. जत्रेत हा खेळ रात्री उशिरा उभा राहतो व बराच वेळ चालतो. पात्र उभ्याने संवाद बोलत असेल तर १/१०० पुरते, पण युद्ध सुरू झाले की १/२५० तरी हवे. अशा वेळी १६०० ते ६४०० पर्यंत जाण्यास कचरू नये. लांबून फ्लॅश पोहोचत नाही आणि जवळून मारला तर नटाचे डोळे दिपतात. निकाहनाम्यावर सही करणाऱ्या नवरदेवाचा क्षणही पुन्हा येत नाही. दाणेदार फोटो अल्बममध्ये चालतो, हललेला फोटो कोणी घेत नाही.

कामाचा क्रम असा ठेवावा :

१. आधी भिंग पूर्ण उघडावे. एफ ५.६ पेक्षा एफ १.८ वर जवळजवळ दसपट उजेड येतो.

२. मग शटर ठरवावे. ५० मि.मी. भिंग हातात धरून १/५० पेक्षा सावकाश जाऊ नये.

३. उरलेली तूट आय.एस.ओ.ने भरावी. लहान आकड्यावर काळा फोटो काढून नंतर उजळवला, तर सावलीतले दाणे उफाळून येतात.

४. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूब व काही एल.ई.डी. दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोटोत पट्टे दिसले तर १/५० किंवा १/१०० वर यावे.

५. मागचा काळोख पाहून कॅमेरा फसतो आणि चेहरा, मुकुट, जर पांढरेफटक करतो. तेव्हा उजळपणा एक पायरी उतरवावा.

६. मोबाईलचा रात्रीचा मोड अनेक फोटो एकत्र जोडतो. स्थिर मालाला तो उत्तम, हलत्या माणसाला नव्हे.

दर कॅमेऱ्याची मर्यादा निराळी असते, म्हणून काम अंगावर घेण्याआधी घरीच परीक्षा करावी. रात्री दुकानातील दिव्याखाली एकाच ताग्याचे ४०० पासून ६४०० पर्यंत फोटो काढावेत व ते पूर्ण आकारात पाहावेत. वीण जिथे दिसेनाशी होते, त्याच्या आधीचा आकडा मालासाठी शेवटचा समजावा. माणसांच्या फोटोसाठी अल्बमच्या मापाचे प्रिंट काढून दुसरा आकडा ठरवावा. दोन्ही आकडे कॅमेऱ्याच्या पिशवीत लिहून ठेवावेत. आपोआप आय.एस.ओ. वापरणाऱ्यांनी कामाप्रमाणे त्याची कमाल मर्यादा त्याच आकड्यावर बांधून घ्यावी.