धावचीत : एक पाठ

त्रिफळाचित, झेलबाद, यष्टिचीत हे बाद होण्याचे प्रकार मुलांस खेळ पाहूनच उमगतात. त्यांवर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. धावचीत मात्र सावकाश शिकवावा. धाव पुरी होण्यापूर्वी यष्टी मोडली की फलंदाज बाद, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु गोलंदाजाच्या बाजूचा फलंदाज चेंडू सुटण्यापूर्वीच रेषा सोडून पुढे सरकला, तर?

१३ डिसेंबर १९४७ रोजी सिडनी येथील कसोटीत विनू मंकड यांनी ऑस्ट्रेलियाचे बिल ब्राऊन यांस असेच बाद केले. त्याच दौऱ्यातील आधीच्या एका सामन्यात त्यांनी ब्राऊन यांस प्रथम ताकीद देऊन मग बाद केले होते. तरीही काही वृत्तपत्रांनी मंकडांस दोष दिला. प्रतिपक्षाचे कर्णधार ब्रॅडमन यांनी मात्र त्यांची बाजू उचलून धरली. पुढे या प्रकारास मंकडांचेच नाव चिकटले. वास्तविक रेषा सोडणारा दुसराच होता! २०२२ साली हा नियम ‘अनुचित खेळ’ या प्रकरणातून काढून ‘धावचीत’ या प्रकरणात घालण्यात आला.

पाठाच्या वेळी मैदानावर चुन्याची रेषा आखून हा प्रसंग मुलांकडून करवावा, आणि पंचाचे काम वर्गातील अबोल मुलाकडे द्यावे.